गाडी ओढत नाही

तर मंडळी, ह्या वेळी लिहायचं होतं दुसऱ्याच विषयावर. पण गेले चार वीकेंड माझे हात कोपरापर्यंत काळे आहेत आणि डोक्यात दुसरं काही शिरत नाहीये, म्हणून आज मोटरसायकल. ज्यांना गाड्यांमध्ये अजिबात रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. ह्यात माझी बऱ्यापैकी फजिती आहे.

सुरुवात झाली फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी. रात्री दहा वाजता ऑफिसात रिलीज चाललेलं आणि वाईहून आईचा फोन.

"अण्णा गाडी भंगारवाल्याला देतायत. साडेतीन हजार म्हणतोय तो."

मी क्षणभर गप्पच. कारण ही गाडी म्हणजे घरातलं दुसरं अपत्य आहे. १९९८ चा जन्म दोघांचाही. मी मार्चमधला, ती दसऱ्याची. त्या वर्षी मास्तरांच्या पगारात दोन खर्च एकदम आले असं आई अजून ऐकवते. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, चार गिअर, कार्बोरेटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्या प्रकरणात कंपनीचा काडीचाही दोष नाही, ते पुढे कळेलच. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३ ला अण्णांनी तिचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, मग पाच-पाच वर्षांनी २०१८ ला आणि २०२३ ला. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या दुचाकीची ही फी तीनशेवरून एकदम हजार झाली, तरी "हजार तर हजार" म्हणून भरून आले होते. तो माणूस गाडी भंगारात घालतोय?

शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली आणि दुपारच्या जेवणाला घरी हजर.

"काय झालंय गाडीला?"

"काही नाही रे. ओढत नाही. वय झालं."

"तिचं का तुमचं?" मी आपला विनोद केला.

"दोघांचं," म्हणाले, आणि ताक प्यायला लागले. हसले नाहीत.

नंतर आईकडून खरी स्टोरी कळली. पाचगणीला माझी आत्या असते, अण्णांची मोठी बहीण. वय ७६, एकटीच. दर रविवारी सकाळी अण्णा पसरणीचा घाट चढून तिच्याकडे जायचे. तिची औषधं, भाजी, आणि दोन तास भावाबहिणीची भांडणं. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं हा रविवार चुकला नव्हता. डिसेंबरपासून जाणंच बंद. घाटात गाडी निम्म्यात गळते, मागून एसटी आणि टुरिस्टांच्या गाड्या हॉर्न मारतात. एकदा वळणावर बंद पडता पडता वाचले. त्यानंतर आत्याला सांगितलं, "गुडघा दुखतोय." एसटीने जा म्हटलं तर म्हणे गर्दी असते. आम्हाला कोणालाच काही नाही.

बरं, आता इंजिनिअर मुलगा घरी आलाय म्हटल्यावर निदान तर लगेच तयार पाहिजे. माझं होतंच. "अण्णा, पेट्रोल! हे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या गाड्यांची वाट लागतीये सगळीकडे." गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, तिथल्या मिस्त्रींनीही मान डोलावली. "पेट्रोलच तसलं यायला लागलंय साहेब, कुणाकुणाला सांगणार!" झालं. दोन तज्ज्ञांचं एकमत.

पण रात्री झोप येईना तेव्हा वहीवर आकडेमोड केली. ऑफिसात आम्ही हेच करतो. सिस्टिम स्लो झाली की सगळे सगळ्यात नव्या बदलाकडे बोट दाखवतात, आणि मग कोणीतरी बसून आकडे काढतं तेव्हा कळतं की बोट भलतीकडेच आहे.

वाई ते पाचगणी साधारण बारा-तेरा किलोमीटर आणि चढ अंदाजे ५७० मीटरचा. गाडी आणि अण्णा मिळून १८० किलो धरू. एवढं वजन एवढं वर न्यायला साधारण दहा लाख ज्यूल लागतात. ताशी ३० च्या वेगाने गेलं तर पंचवीस मिनिटं, म्हणजे सरासरी एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. टायरचं घर्षण, वाऱ्याचा अडथळा, सगळं धरून दोन म्हणा. तीव्र चढाला तीन. आणि आमचं इंजिन आहे साधारण सात हॉर्सपॉवरचं.

आता इथेनॉल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की शंभरातले सातेक गेले. घाट चढताना हवा विरळ होते त्याचे अजून पाच-सहा. तरी सातातले सहाच्या वर उरतात. म्हणजे हवे त्याच्या दुप्पट! इथेनॉलने ॲव्हरेज थोडं पडेल, जुने रबरी पाईप खराब होऊ शकतील, कार्बोरेटरचं मिश्रण थोडं पातळ होईल, हे सगळं खरं. पण त्याने गाडी घाटात उभी राहणार नाही. चार हॉर्सपॉवर दुसरीकडेच कुठेतरी सांडत होते.

रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरलं आणि एकेक तपासायला घेतलं. इंजिनाला चार गोष्टी लागतात - हवा, पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. पाचवी गोष्ट म्हणजे कमावलेली ताकद चाकापर्यंत पोचली पाहिजे. ही पाचवी लक्षात ठेवा, मी विसरलो होतो :)

हवा: एअर फिल्टर काढला. धूळ होती, पण गुदमरण्याइतकी नाही. नवीनच टाकला.

ठिणगी: प्लग काढून टोकाचा रंग बघितला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. आमचा छान विटकरी-तपकिरी. तक्रार नाही.

पेट्रोल: कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून काचेच्या बरणीत पेट्रोल काढलं. धार चांगली, कचरा नाही, तळाला पाणी नाही. पाईप मात्र कडक झाला होता, तो बदलला.

कॉम्प्रेशन: गेज नव्हतं, पण किकवर उभं राहिलं तरी पाय सहज खाली जात नव्हता. रिंगा अजून धरून आहेत. हेडची झाकणं काढून टॅपेटचा गॅपही तपासला. मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनाला ०.०५ मिलिमीटर पाहिजे, एक थोडा घट्ट होता, नीट केला. एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्याच्याही निम्मा गॅप. हे करताना स्वतःबद्दल फार बरं वाटतं.

मागचा ब्रेक चिकटत असेल म्हणून गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक फिरवलं. मोकळं. क्लचच्या लिव्हरला खेळ आहे का बघितला. आहे. इंजिन चालू केलं, चौथा गिअर टाकला, मागचं चाक गरगर फिरलं. एक नंबर!

संध्याकाळी अण्णा पसरणी गावापर्यंत जाऊन आले. सपाटीला झकास. मी विजयी मुद्रेने पुण्याला परत. पुढच्या रविवारी फोन केला तर आई म्हणाली, "गेले होते, पण निम्म्यातनं परत आले. तिसऱ्या वळणापर्यंत बरी चालली म्हणे, मग गळाली. पंधरा मिनिटं थांबले तर परत चालली, परत गळाली." मागून अण्णांचा आवाज - "त्याला सांग, उगाच खर्च करू नको."

थांबलं की चालते, थोड्या वेळाने गळते.. हे ऐकून मला वाटलं टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असणार. त्या बारीक भोकातून हवा आत जाते. ते बुजलं तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. लक्षणं अगदी तंतोतंत. पुढच्या शनिवारी गेलो, झाकण उघडलं, भोक स्वच्छ. च्यायला!

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. स्वतः घाटात गेलो. अण्णांना मागे बसवलं.

पसरणी सोडली, चढ लागला. पहिली दोन वळणं ठीक. तिसऱ्यानंतर मी थ्रॉटल पूर्ण पिळला आणि इंजिन केकाटायला लागलं. आवाज दुसऱ्या गिअरसारखा, वेग सायकलसारखा. म्हणजे इंजिन पळत होतं, गाडी पळत नव्हती! आणि एक करपल्याचा वास. धोमचं पाणी दिसायला लागतं तिथे गाडी बाजूला घेतली.

"अण्णा, आवाज ऐकलात ना?"

"कसला? घाटात आवाज असतोच."

"नाही हो, इंजिन केवढं ओरडत होतं!"

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हेल्मेटात नीट येत नाही ऐकू." पण आम्ही हेल्मेट काढून उभे होतो, आणि मी दोनदा बोललेलं त्यांनी तिसऱ्यांदा ऐकलं होतं. हाच माणूस, पूर्वी बोळात गाडी वळली की घरातून सांगायचा, "देशपांड्यांच्या स्कूटरचा प्लग गेलाय."

ते मी तिथे काही बोललो नाही. आधी गाडी.

क्लच घसरत होता. इंजिनाची ताकद गिअरपर्यंत नेणाऱ्या ह्या चकत्या. एक घर्षणाची, एक लोखंडी, अशा आलटून पालटून, स्प्रिंगांनी दाबलेल्या. त्यांची पकड एका मर्यादेपर्यंतच असते. सपाटीवर अण्णा पाव थ्रॉटलने चालवतात, जोर कमी, चकत्या धरून ठेवतात. घाटात पूर्ण थ्रॉटल दिला की जोर पकडीच्या वर जातो आणि चकत्या एकमेकींवर घसरायला लागतात. घसरल्या की तापतात, तापल्या की अजून घसरतात. पंधरा मिनिटं थांबलं की गार होऊन परत धरतात. आणि मी शहाण्याने कुठे तपासलं? स्टँडवर, चाक हवेत असताना! लोड नसेल तर हा बग दिसणारच नाही. टेस्टिंगला सगळं हिरवं, प्रॉडक्शनला आग. रोज ज्या चुकीवरून ज्युनिअर पोरांना झापतो तीच मी अंगणात पोतं टाकून साग्रसंगीत केली होती.

पण लिव्हरचा खेळ बरोबर असताना क्लच अचानक का घसरावा? घरी येऊन मी विचारलं, "ऑइल कधी बदललं?"

"दिवाळीत. तू आणलेलं ना."

अरे देवा.

ऑक्टोबर २०२५, दिवाळी. मी पुण्याहून येताना अण्णांच्या गाडीसाठी भारीतलं ऑइल आणलं होतं. फुल्ली सिंथेटिक. नेहमीच्या ऑइलच्या तिप्पट किंमत. बोनस झालेला, म्हटलं म्हातारीला जरा खुराक देऊ. रिकामा कॅन अण्णांनी खोलीतल्या फळीवर जपून ठेवला होता, शेजारच्यांना दाखवायला. मी तो उतरवून पहिल्यांदाच मागची बाजू वाचली. मोटारींसाठी. ५डब्ल्यू-३०. गोल शिक्क्याच्या खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चारचाकीत इंजिनाचं ऑइल इंजिनापुरतंच असतं, क्लच बाहेर आणि कोरडा. त्यामुळे इंधन वाचावं म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. आमच्यासारख्या मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच सगळे एकाच ऑइलमध्ये डुंबत असतात. इंजिनाला जे गुळगुळीत तेल आवडतं तेच क्लचच्या मुळावर येतं. म्हणून मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघून घ्यायचं. हे जपान्यांचं मानक, योगायोगाने १९९८ सालचंच. 'एमबी' लिहिलेलं असेल तर ते स्कूटरचं, ज्यांचा क्लच कोरडा असतो. आमच्या क्लचच्या चकत्या आधीच झिजलेल्या, काठावर उभ्या. माझ्या तिप्पट किमतीच्या प्रेमाने त्यांना ढकलून दिलं.

मी अण्णांना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं एकदा, की ऑइल बदलल्यापासनं होतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आणलंस म्हणजे चांगलंच असणार. म्हटलं, आपल्यालाच आता चालवता येत नसेल."

ह्यावर मला काही सुचलं नाही. चार महिने मी पेट्रोलला शिव्या घालत होतो आणि हा माणूस स्वतःला. दोघांनीही फळीवरच्या कॅनकडे बघितलं नव्हतं.

खरा पेच नंतर आला. रात्री भांडी आवरताना आई हळूच म्हणाली, "नको दुरुस्त करू. राहू दे अशीच."

"का?"

"त्यांना मागून गाडी आलेली कळत नाही. आता निदान घाटात जायचे थांबलेत. सपाटीला काय जायचं ते जाऊ देत."

तिचं चूक नव्हतं. मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू न येणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस पसरणीच्या वळणावर.. विचार केला की पोटात गोळा येतो. आणि उपाय तर किती सोपा होता. मी गप्प बसायचं. "पार्ट मिळत नाहीत" म्हणायचं. गाडी ओढत नाही तर नाही. अण्णांनी मान्य केलंच होतं की वय झालं. रात्रभर मी त्याच्यावर विचार केला आणि खोटं कशाला बोलू, एकदा तसं ठरवलंही होतं.

पण मग ते "चालवता येत नसेल" आठवत राहिलं. ज्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःला म्हातारं ठरवलं, त्याला आता त्याच्याच भल्यासाठी अजून एकदा फसवायचं? थांबायचं असेल तर खरं कारण कळून थांबू देत.

सकाळी चहाला मी सरळ विषय काढला. "अण्णा, गाडीला दुखणं एकच होतं, ते कळलंय. दुसरं दुखणं तुमच्या कानात आहे. आधी कान, मग घाट."

अण्णा चिडले. चांगले अर्धा तास चिडले. मास्तर माणूस, चिडला की शुद्ध मराठीत बोलतो. आई आतल्या खोलीत. शेवटी पेपर घडी करत म्हणाले, "साताऱ्याला किती वाजता निघायचं?"

कानाच्या तपासणीचा आलेख आम्हा इंजिनिअर लोकांना लगेच समजतो. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. अण्णांची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घसरत गेलेली, अगदी पाचगणीहून वाईला उतरावी तशी. डॉक्टर म्हणाले वयानुसार होतं, मशीनने फरक पडेल. मशीन घेतलं. किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "ह्यात सेकंडहँड गाडी आली असती."

इकडे गॅरेजच्या मिस्त्रींनी क्लच उघडला, कारण आतला नट सोडवायचा खास पाना माझ्याकडे नव्हता. काढलेलं ऑइल काळंकुट्ट, करपट वासाचं. चकत्या आरशासारख्या चकचकीत. मी पुढे होऊन कबूल केलं की ऑइल माझंच. मिस्त्री पुसत पुसत म्हणाले, "इंजिनिअर लोक लई भारी ऑइल आणतात साहेब. आमचा धंदा त्याच्यावरच चालतो." नवीन चकत्या, नवीन गॅस्केट, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं साधं ऑइल. सगळं मिळून माझ्या त्या दिवाळीच्या कॅनइतकंच बिल झालं.

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला अण्णांनी मशीन कानात घातलं, वरून हेल्मेट घातलं, पिशवीत आत्याची औषधं आणि गवार. मी म्हटलं येतो मागे, तर नको म्हणाले. आई दारात उभी, चेहरा पाडून. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. एका किकमध्ये गाडी चालू झाली.

अण्णा बसले नाहीत लगेच. वाकून इंजिनाकडे कान केला, बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टॅपेट वाजतायत रे. ढिले ठेवलेस."

०.०५ मिलिमीटर! फीलर गेज लावून! मी काही बोलणार तेवढ्यात गाडी बोळाच्या बाहेर गेली.

पाऊण तासाने आत्याचा फोन. "पोचलाय बाई सुखरूप. आल्या आल्या म्हणतो, तुझा पंखा आवाज करतोय." आई पदराने तोंड पुसत आत गेली. पुढच्या रविवारीही ती दारात उभी राहणार आहे आणि तिच्या पोटातला गोळा काही जाणार नाही, माझाही नाही. त्याला मशीन निघालेलं नाही.

असो. दुपारी इंजिन गार झाल्यावर मी गुपचूप झाकण काढून गॅप परत मोजला. एक्झॉस्टचा टॅपेट खरंच ढिला होता.